मदत हवी आहे: संशयी विचार आधी की भीती आधी? दिवसभराच्या नोंदींतून क्रम कसा काढायचा?

नोंदवही:
संशयी विचार आणि भावना एकमेकांना कसं वर-खाली करतात, यावर प्रबंधाचं काम सुरू आहे. मोबाइलवर दिवसात 10 बीप, सलग 6 दिवस. प्रत्येक बीपला 1 ते 7 मध्ये उत्तर: चिंता, उदासी, राग, 'मला स्वतःबद्दल बरं वाटतंय' आणि 'लोक मला इजा करतील अशी भीती वाटते'. शिवाय आत्ता कुठे आणि कुणासोबत.

एकाच बीपला चिंता आणि संशय हातात हात घालून वर जातात. मात्र आधीच्या बीपची चिंता घेऊन पुढच्या बीपचा संशय पाहिला, तर संबंध जेमतेम उरतो. उलट दिशेनेही तेच. संशयाची बहुतेक उत्तरं 1 आहेत. कुठे चुकतंय?

चाफा:
सगळ्यात आधी प्रश्नाची भाषा. 'इजा करतील अशी भीती वाटते' या एकाच वाक्यात संशयही आहे आणि भीतीही. मग चिंतेशी मेळ बसणारच, कारण दोन्हीकडे तुम्ही थोडीफार भीतीच मोजताय. पुढच्या फेरीत 'आत्ता कुणीतरी मुद्दाम माझं वाईट करू पाहतंय असं वाटतंय' असं काहीतरी विचारा, भावनेचा शब्द न घालता. हातातल्या विदेला ही मर्यादा आहेच. प्रबंधात ती स्पष्ट लिहा.

आता जोड्या तपासा. रात्रीचा शेवटचा बीप आणि सकाळचा पहिला यांची जोडी लावायची नाही, मध्ये झोप आहे. म्हणजे दिवसाला 9 जोड्या, 6 दिवसांत माणशी जास्तीत जास्त 54. मधला एक बीप चुकला तर दोन जोड्या जातात. स्प्रेडशीटमध्ये ओळी नुसत्या एक घर खाली सरकवल्या असतील, तर तिसरा आणि पाचवा बीप शेजारी म्हणून धरले गेले असतील. ही चूक फार सर्रास होते आणि निकालावरून कळतही नाही.

त्यानंतर प्रत्येकाच्या नोंदीतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. नाहीतर मुळात घाबरट माणसं आणि निर्धास्त माणसं यांच्यातला फरक तुम्ही काळाचा परिणाम समजून बसाल. पुढच्या बीपचा संशय काढताना आधीचा संशयही समीकरणात ठेवा. तो नसेल, तर त्याचं श्रेय आधीच्या चिंतेला मिळतं.

नोंदवही:
ओळी सरकवल्याच आहेत, लगेच दुरुस्त करते. पण अंतराचं काय? दोन बीपमध्ये साधारण दीड तास आहे.

चाफा:
दीड तासात भीतीची लाट येऊन ओसरूही शकते. त्यामुळे क्षीण संबंध दिसला म्हणून परिणामच नाही, असं लिहू नका. बीप अनियमित असतील तर उत्तराची नेमकी वेळ वापरा. 20 मिनिटांची जोडी आणि अडीच तासांची जोडी एका पारड्यात नको.

इतक्या 1 उत्तरांवर सरळ रेषेचं समीकरण बसवणं मला पटत नाही. त्यापेक्षा त्या माणसाच्या नेहमीच्या पातळीच्या वर संशय पहिल्यांदा कुठे गेला, तो बीप शोधा आणि त्याच्या लगेच आधीच्या बीपकडे बघा. अशा नोंदींच्या पूर्वीच्या अभ्यासात तिथे चिंता चढलेली आणि स्वतःबद्दलचं मत उतरलेलं सापडलं आहे.

सांजवेळ:
एक गोष्ट राहतेय: टाळणं. भीती वाढली की लक्ष धोक्याच्या खुणा टिपू लागतं. शेजारच्या टेबलावरचं हसू आपल्यावरच आहे असं वाटतं. माणूस उठून निघून जातो, भीती उतरते. संशय मात्र तसाच राहतो, कारण तो खोटा ठरायची संधीच मिळाली नाही. त्या बीपला चिंता 2 आणि संशय 5 दिसेल. अशा नोंदी सरासरीत मिसळल्या की खरा संबंध झाकला जातो. 'मागच्या बीपनंतर काही टाळलंत का?' हा प्रश्न हवाच.

दुसरं, सकाळच्या पहिल्या बीपला झोप विचारा. कमी झोपेचे आणि पुऱ्या झोपेचे दिवस वेगळे ठेवून क्रम बघा, तो सारखाच असेल असं नाही. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 3,755 विद्यार्थ्यांच्या चाचणीत निद्रानाशावर उपचार केल्यावर संशयी विचारही कमी झाले. 2015 च्या 150 रुग्णांच्या चाचणीत सतत काळजी करण्याच्या सवयीवर 6 सत्रं घेतली, तर 'लोक माझा छळ करताहेत' असे त्यांचे भ्रम उतरले. दिशेबद्दल अशा चाचण्या नोंदींपेक्षा जास्त ठामपणे बोलतात, कारण त्यांत एक गोष्ट मुद्दाम बदललेली असते.

नोंदवही:
टाळण्याचा प्रश्न नाही. 'घरी, एकटी' हे उत्तर त्याऐवजी चालेल?

सांजवेळ:
नुसतं नाही, एकटं असणं म्हणजे टाळणं नव्हे. आधीच्या बीपला अनोळखी लोकांत, संशय चढलेला, आणि पुढच्याला घरी एकटी, अशा जोड्या वेगळ्या काढा. त्यांना 'संभाव्य टाळणं' म्हणा आणि त्या वगळून तेच गणित पुन्हा करा. वगळण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे द्या.