गाडीचा एसी चालतो, पण गार पडत नाही: अनुभव धागा

एप्रिल उजाडला की गॅरेजमध्ये एकच निदान कानावर येतं: "गॅस कमी झालाय, भरून टाकू." एसीची यंत्रणा बंदिस्त असते. गॅस इंधनासारखा जळून संपत नाही. रबरी पाइपांतून वर्षाला काही ग्रॅम झिरपतो, तेवढंच. दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, आणि गार न पडण्याच्या निम्म्या कारणांचा गॅसशी संबंधच नसतो. या कामातल्या मंडळींनी लक्षण, मोजलेला आकडा आणि त्यामागचं कारण एवढं लिहावं, ही विनंती. गाडीची कंपनी महत्त्वाची नाही.

अकोला, एसी दुरुस्ती

आधी मोजा, मग बोला. गाडी सावलीत, बॉनेट उघडं, काचा बंद, हवा आतल्या आत फिरणाऱ्या मोडवर, ब्लोअर मधल्या गतीवर, इंजिन १५०० आरपीएमवर. पाच-सात मिनिटांनी डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर खुपसा. बाहेर ३५ अंश असताना ७ ते ११ अंश मिळाले तर एसी ठीक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ वर असतो, तेव्हा १३-१४ अंश हा बिघाड नव्हे. त्या दिवशी "अजून थोडा भरा" म्हणून गॅस वाढवला की एसी हमखास बिघडतो.

मग गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजायचं मीटर. आर-१३४ए (एसीत भरायच्या गॅसचा एक प्रकार) असलेल्या गाडीत ३५ अंशांच्या आसपास लो साइड (कमी दाबाची बाजू) ३० ते ४५ पीएसआय (दाबाचं एकक) आणि हाय साइड (जास्त दाबाची बाजू) २०० ते २५० हवी. बाहेर ४२ च्या वर असेल तर हाय साइड ३०० पर्यंत जाते, घाबरू नका. दोन्ही कमी: गॅस कमी. दोन्ही जास्त: गॅस जास्त, कंडेन्सर (रेडिएटरपुढचा, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा भाग) चोंदलेला, पंखा बंद किंवा पाइपात हवा शिरलेली. लो जास्त आणि हाय कमी: कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) थकलाय. लो साइड शून्याखाली जाऊ लागली तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (दाब उतरवणारी बारीक तोंडाची झडप) किंवा ड्रायर (ओलावा शोषणारी डबी) तुंबलाय. सुरुवातीला गार, पंधरा मिनिटांनी लो साइड शून्याखाली, बंद ठेवून चालू केलं की पुन्हा ठीक, असं होत असेल तर पाइपात ओलावा आहे आणि तो व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतोय. तिथे ड्रायर बदलून नीट व्हॅक्यूम मारल्याशिवाय, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढल्याशिवाय, गत्यंतर नाही.

इंजिन बंद असताना दिसणाऱ्या दाबावरून गॅस किती आहे ते कळत नाही. ३५ अंशांना स्थिर दाब साधारण ११४ पीएसआय येतो, मग आत १५० ग्रॅम असो की ४५०. द्रव थोडासा जरी शिल्लक असला तरी दाब तोच. त्यामुळे इंजिन न लावता गेज जोडून "फुल आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पुणे, ऑटो इलेक्ट्रिशियन

हायवेवर मस्त गार आणि सिग्नलला गरम हवा, हे लक्षण बहुतेक वेळा कंडेन्सरवरच्या हवेचं असतं. एसी लावून पंखा बघा. दोन गतींच्या पंख्यात कमी गतीचा रेझिस्टर (करंट कमी करणारा रोधक) जळतो, मग पंखा थेट इंजिन तापल्यावरच फिरतो आणि चालकाला वाटतं पंखा चालू आहे. मोटर बदलताना वायरी उलट जोडल्या तर पंखा उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या हवेशी भांडत बसतो. एक कागद कंडेन्सरसमोर धरा, तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

खात्री करायची असेल तर कंडेन्सरवर बाटलीने पाणी शिंपडा. दोन मिनिटांत डॅशबोर्डच्या जाळीतलं तापमान चार-पाच अंशांनी उतरलं, तर गॅसला हात लावू नका. कंडेन्सर धुवा, पंखा दुरुस्त करा. धुताना कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट विसरू नका, खरा कचरा तिथेच असतो. पाणी शक्यतो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने आणि हलक्या धारेने मारा. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने कंडेन्सरचे पातळ पत्रे आडवे होतात आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होते.

दुसरं लक्षण: सकाळी गार, तासाभराच्या ड्रायव्हिंगनंतर अचानक गरम, थंड झाल्यावर पुन्हा ठीक. कॉम्प्रेसरच्या क्लचची (कॉम्प्रेसर पुलीशी जोडणारा चुंबकी भाग) प्लेट आणि पुली यांतली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा. बऱ्याच गाड्यांत ०.३ ते ०.६ मिमी हवी असते. झिजून ती वाढली की क्लचची तापलेली चुंबकी कॉइल प्लेट ओढू शकत नाही. आतली एक शिम (पातळ चकती) काढली की काम होतं, अख्खा कॉम्प्रेसर बदलायची गरज नसते. कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ ओहम दाखवतो. क्लचच्या वायरवर एसी चालू असताना १० व्होल्टच येत असतील तर रिलेचे (करंट जोडणारा स्विच) पॉइंट किंवा अर्थिंग तपासा.

क्लच अजिबात ओढत नसेल तर दाबाच्या स्विचचंही बघा. साधारण २८ पीएसआयच्या खाली आणि ४५० च्या वर तो करंट तोडतो. तो शॉर्ट करून कॉम्प्रेसर चालवत ठेवू नका. गॅसबरोबरच ऑइल फिरतं, गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम होतो.

नाशिक

अर्ध्या तासाने हवेचा झोतच मंदावतो? कूलिंग कॉइलवर (केबिनची हवा गार करणारा भाग) बर्फ धरतोय. एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा मिनिटं चालवा. झोत परत आला आणि गाडीखाली भरपूर पाणी पडलं की थर्मिस्टर (कॉइलचं तापमान ओळखणारा सेन्सर) तपासा. तो कॉइलच्या पत्र्यांतून निसटलेला असतो किंवा चुकीचा रोध दाखवतो. झोत पहिल्यापासूनच मंद असेल तर डॅशबोर्डच्या कप्प्यामागचा केबिन फिल्टर काढून उजेडात धरा. धुळीच्या रस्त्यांवर तो १०,००० किमीपर्यंतही टिकत नाही.

रत्नागिरी, गॅस चार्जिंग

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कंडेन्सरचे खालचे कोपरे आधी कुजतात. लीकेज शोधताना आधी डोळे वापरा: सांध्यावर तेलकट धूळ म्हणजे तिथून गॅस जातोय, कारण गॅसबरोबर ऑइल बाहेर येतं. मग १५० पीएसआय नायट्रोजन भरून साबणाचं पाणी. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा कधीही भरू नका, तिच्यात ओलावा असतो. कूलिंग कॉइल डॅशबोर्डमध्ये दडलेली असते. तिच्यासाठी एसी-ब्लोअर बंद करून पंधरा मिनिटं थांबा आणि पाणी पडायच्या नळीशी डिटेक्टर धरा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तिथे उतरतो.

व्हॅक्यूम किमान ३० ते ४५ मिनिटं, पावसाळ्यात त्याहून जास्त. आमच्याकडे समुद्रसपाटीला गेजवर २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम गाठता येतं, तेव्हा आतलं पाणी साधारण २५ अंशांना उकळून निघून जातं. पुण्यात गेज २८ च्या आसपासच थांबणार. उंचीमुळे तसं होतं, लीकेज समजून पाइप उघडत बसू नका. पंप बंद करून वीस मिनिटं काटा हलतो का ते बघा. मात्र काटा स्थिर राहिला म्हणून लीकेज नाहीच असं नाही, काही सांधे आत ओढताना बंद होतात आणि दाबाखाली उघडतात.

गॅस वजनकाट्यावर भरा. लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो, नेमका आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो. पन्नास ग्रॅम जास्त झाला तरी सिग्नलला फरक कळतो. इंजिन चालू असताना हाय साइडचा कॉक उघडू नका, उलटा दाब गॅसच्या सिलिंडरमध्ये जातो.

कोल्हापूर

कॉम्प्रेसर आतून तुटला असेल तर नुसता नवा बसवून भागत नाही. लोखंडी कण कंडेन्सरमध्ये अडकलेले असतात, आणि हल्लीच्या बारीक नळ्यांच्या कंडेन्सरमधून ते धुऊन निघत नाहीत, तोही बदला. ड्रायर आणि उघडलेल्या प्रत्येक सांध्याची ओ-रिंग (रबरी कडी) नवीन, बसवताना ऑइलचा हात. फक्त कंडेन्सर बदलला तर साधारण ३० मिली ऑइल घाला. पॅग ऑइलचा (कॉम्प्रेसरमध्ये घालायचं ऑइल) डबा उघडा ठेवू नका, ते हवेतलं पाणी ओढतं.

नागपूर

गेज बरोबर, एसीचा पाइप बर्फासारखा गार आणि तरी आत कोमट? इंजिन थंड असताना गार हवा आणि तापल्यावर कोमट होत असेल तर हीटरचा फ्लॅप (गरम हवेची वाट बंद करणारी झडप) पूर्ण मिटत नाहीये. हीटरकडे जाणारा रबरी पाइप फडकं गुंडाळून चिमट्याने अलगद दाबा. दोन मिनिटांत हवा गार झाली की कारण सापडलं. डाव्या-उजव्या जाळ्यांत पाच अंशांहून जास्त फरक पडत असेल, तर मात्र गॅस कमी असण्याची शक्यता जास्त, कारण कॉइलचा एकच भाग गार होतोय.

ठाणे

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत पॅग ऑइल चालत नाही. तिथे कॉम्प्रेसरची मोटर ऑइलमध्येच असते आणि विद्युतरोधक असलेलं पीओई नावाचं ऑइल लागतं, गेजचे पाइपही वेगळे ठेवा. आणि स्वस्त पडतो म्हणून कुणी आर-१३४एच्या जागी हायड्रोकार्बन गॅस भरत असेल तर नकार द्या. तो ज्वलनशील असतो आणि कूलिंग कॉइल केबिनच्या आतच असते. बिलावर गॅसचं नाव आणि भरलेले ग्रॅम लिहून घ्या, पुढच्या वेळी किती कमी झाला ते त्यावरूनच कळेल.