मदत हवी आहे: हात थकलाय, ऑर्डरी थांबत नाहीत

नमस्कार मंडळी. मी क्रोशाचं काम करते, पोट त्यावरच आहे. हल्ली रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. डॉक्टर म्हणाले कार्पल टनेल, मनगटातली नस दाबली जातेय. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधते, त्याने निदान झोप लागते. पण विश्रांती घ्यायची तर पगारी रजा कोण देणार? त्यात भिंतीवर लावायची एक मोठी कलाकृती कधीची डोक्यात घोळतेय, आणि हात चालतो तेवढा वेळ ऑर्डरीच खातात. कोणी ऑर्डरी कमी करून स्वतःच्या कामाला जागा काढली आहे का? गिऱ्हाइकांना कसं सांगितलंत? जाड मुठीच्या सुईने खरंच फरक पडतो का? (‘सकारात्मक राहा’ छाप सल्ले कृपया नकोत.)