उन्हाळ्यातली वैरण: दोष वाढ्यांचा की वेळेचा?

गोठेकरी:
‘माळरान’ यांनी काल लिहिले की, एप्रिल-मेमध्ये संकरित गाईंना उसाचे वाढे (उसाच्या शेंड्याची हिरवी पाने), बिअर गाळून उरलेला धान्याचा ओला चोथा आणि सरकी पेंड घालणे हा विषप्रयोग आहे. हे वाचून गप्प बसवेना. कोणतीही वैरण कोठीपोटात (गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यात) आंबताना उष्णता निर्माण होतेच. वाळलेल्या कडब्यातून ती अधिक होते, तर सरकी पेंडीतल्या तेलातून मिळणाऱ्या ऊर्जेमागे ती कमी असते. भर दुपारी गव्हाण भरायची आणि गाय तोंड लावत नाही म्हणून वैरणीला नावे ठेवायची, हा कुठला न्याय? मी पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर वैरण टाकतो. मे महिन्यातही गव्हाणीत फारसे उरत नाही.

माळरान:
‘विष’ हा शब्द मी मागे घेणार नाही. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली आणि तीन महिने वाढ्यांवरच काढावे लागले. तिसऱ्या वेताची गाय व्याल्याच्या दुसऱ्या दिवशी मान पोटाकडे वळवून बसली. कान हाताला थंडगार लागत होते. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिले तेव्हा कुठे अर्ध्या तासाने उठली. वाढ्यांतले ऑक्झलेट नावाचे द्रव्य कॅल्शियम बांधून ठेवते, हे आपल्यासारख्या जाणकारांना सांगायला नको.

गोठेकरी:
नकोच, कारण त्यासाठीच वाढ्यांची कुट्टी करून तिच्यावर चुन्याची निवळी (चुना विरघळवून वर राहिलेले स्वच्छ पाणी) शिंपडतात आणि खनिज मिश्रण देतात. आपण नुसते वाढे घातले आणि दोषही वाढ्यांनाच दिलात. शिवाय दुग्धज्वर, म्हणजे व्याल्यावर कॅल्शियम घटून होणारा हा आजार, हिरवा चारा खाणाऱ्या गाईलाही होतो.

दूधवाला:
आपण दोघे वैरणीवर भांडत आहात, पण घाव बसतो तो संकलन केंद्रावर. दर ठरतो ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफला (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक). उन्हाळ्यात गाय कमी खाते, एसएनएफ घसरतो आणि प्रत्येक पॉइंटमागे (०.१ टक्क्यामागे) दरात कपात होते. आमच्या केंद्रावर एकाच किटलीतले दूध ८.१ लागले आणि शेजारच्या गावात तासाभरात ८.४! मग सांगा, मी चोथा बदलू की केंद्र?

माळरान:
केंद्रच बदला! मी तर म्हणतो, कपात आधी थांबवा, म्हणजे स्वस्त चोथ्यामागे कोणी धावणार नाही.

पशुवैद्यक (निवृत्त):
केंद्रावरच्या दूध तपासणाऱ्या मशीनची तक्रार रास्त आहे. तरीही उन्हाळ्यातला सगळा तोटा मशीनच्या माथी मारता येणार नाही. धापा टाकताना गाईची लाळ गळून जाते, तेवढा आम्ल शमवणारा क्षार कोठीपोटाला कमी पडतो आणि त्यातच वैरण घटवून पेंड वाढवली की फॅट उतरते. चोथ्याबद्दल मात्र ‘माळरान’ अर्धे बरोबर आहेत. एका गोठ्यात तीन दिवसांच्या ढिगात हात घातला तर तो आतून गरम लागला आणि कडेला हिरवट बुरशी होती. असल्या खाद्यातले अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचे विष, दुधात उतरते. ओला चोथा हवाबंद ठेवता येत नसेल, तर उन्हाळ्यात एक-दोन दिवसांपुरताच आणावा.

गोठेकरी:
चोथ्यापुरते मान्य. माझ्याकडे तो रोज ताजा येतो, हे लिहायचे राहिले.

माळरान:
राहिले म्हणे! असो, निवळी शिंपडून पाहीन. पण रात्री नऊला वैरण टाकायला आपल्याकडे गडी असेल. आमच्याकडे शेतीची वीजच रात्री येते आणि त्या वेळी मी मोटारीपाशी असतो.