मदत हवी आहे: दिवाळीच्या सुट्टीत श्रीलंकेचं जंगल, बेत बसतोय का?

गोदाकाठ, नाशिक:
आम्ही आठ जण नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात श्रीलंकेला जायचं म्हणतोय. सगळे नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघणारे. आधी मिन्नेरियाला हत्तींचा मेळा, मग सिंहराजाचं जंगल, शेवटी दक्षिण किनाऱ्यावर मिरिसाला देवमासे. आठवड्यात होईल का? जळवांचं काय करायचं? आणि १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिमीची) दुर्बीण चालेल का?

रानवाटा:
दिवस पुरतील, महिना चुकतोय. मिन्नेरिया हा मोठा जुना तलाव. तिथल्या कोरड्या हंगामात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत येतं, त्यासाठी हत्ती जमतात. हे ऑगस्ट-सप्टेंबरचं. पुढे पाऊस लागला की गवत बुडतं आणि कळप पांगतात. तुम्ही उडवलवेचं राष्ट्रीय उद्यान धरा, तिथे हत्ती बारा महिने दिसतात. शेजारच्या केंद्रात अनाथ पिल्लांना दूध पाजतात, ते लांबून बघता येतं. हात लावू देत नाहीत, कारण मोठी झाली की त्यांना रानात सोडायचं असतं. हत्तीवर बसवून फिरवणारी ठिकाणं मात्र कृपया टाळाच.

मिरिसाचा समुद्र डिसेंबर ते एप्रिल भरवशाचा. नोव्हेंबरात बोट रद्द होऊ शकते, म्हणून तो दिवस शेवटी नको. मधे ठेवा, म्हणजे दुसरी सकाळ हाताशी राहील.

हिरवी शीळ:
सिंहराजाला कुडावाच्या बाजूने शिरा. लाकूडतोडीच्या काळातला रुंद रस्ता आहे, चालायला सोपा. वाटाड्या घ्यावाच लागतो. त्याला सांगा, घाई नको, मिश्र थवा येईपर्यंत थांबू. नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट आणि कोतवालाची शीळ आली की मागोमाग पाच-दहा जातींचे पक्षी एकाच झाडावर उतरतात आणि काही मिनिटांत पुढे सरकतात. इथे १०×५० अडचणीची: दृश्यक्षेत्र अरुंद, वजन जास्त, मान वर करून हात थरथरतो. ८×४२ मिळाली तर बघा. नांदूरच्या लांबच्या बदकांना तुमचीच बरी.

जळवांसाठी घट्ट विणीच्या कापडाचे, गुडघ्यापर्यंतचे खास मोजे घ्या. साध्या मोज्यांच्या विणीतून त्या आत शिरतात. चिकटलीच तर आधी बारीक टोकाकडे, म्हणजे तोंडाकडे, नख सरकवून सोडवा, मग मागचं टोक. मीठ किंवा काडेपेटी नको, जळू पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. रक्त बराच वेळ वाहतं, कापूस दाबून धरायचा.

गोदाकाठ, नाशिक:
मुलांना हत्तींचा मेळाच बघायचाय. ऑगस्टमध्ये गेलो तर?

रानवाटा:
मग मिरिसा सोडा, तेव्हा तिथला समुद्र खवळलेला असतो. देवमासे पूर्वेला त्रिंकोमालीला बघा, मिन्नेरियाहून ते जवळही पडतं. जीप दुपारी तीनच्या सुमारास घ्या, उन्हं कलली की कळप गवतावर येतात. धरणाचं पाणी सोडलं असेल तर भर मोसमातही गवत बुडालेलं असतं आणि हत्ती शेजारच्या कौडुल्ला किंवा हुरुलूच्या जंगलाकडे सरकतात. त्या दिवशी हत्ती असतील तिथे नेणार का, हे जीपवाल्याशी पैसे ठरवण्याआधीच बोलून घ्या. तिकीट प्रत्येक जंगलाचं वेगळं लागतं.