संबंधित नोंदच नसलेल्या नोंदी जँगोच्या ओआरएममधून (पायथनमधून डेटाबेसला प्रश्न विचारणारा भाग) कशा शोधाव्यात?

प्रश्न
नमस्कार. नागपूरच्या कळमना बाजारातील एका संत्रा अडत्यांची हिशेबप्रणाली मी जँगोमध्ये (पायथनमधील वेब फ्रेमवर्क) सांभाळतो. त्यात 'शेतकरी' आणि 'आवक' अशी दोन टेबले असून प्रत्येक आवकेपुढे शेतकऱ्याची फॉरेन की (त्याच्या नोंदीकडे नेणारा दुवा), हंगामाचे वर्ष आणि बहार (संत्र्याचा फुलोऱ्याचा हंगाम, आंबिया किंवा मृग) नोंदवलेला असतो. २०२४च्या आंबिया बहारात ज्यांचा माल एकदाही आला नाही, त्यांना अडते स्वतः फोन करून विचारपूस करतात, त्यामुळे एकही नाव सुटता कामा नये. मी अटींत बसणाऱ्या नोंदी वगळणाऱ्या 'एक्सक्लूड'मध्ये वर्ष आणि बहार या दोन्ही अटी एकत्र दिल्या आहेत. तरीही काटोलकडील एका शेतकऱ्याचे नाव गळते. त्यांच्या दोनच नोंदी आहेत : २०२३चा आंबिया आणि २०२४चा मृग.

उत्तर १
आवकेवर 'इझनल' बरोबर 'ट्रू' (म्हणजे रकाना नल, रिकामा आहे) असा फिल्टर लावावा. लेफ्ट आउटर जॉइन (जोडी नसली तरी सगळे शेतकरी राखणारी जोडणी) होऊन ज्यांना जोडीची ओळ मिळाली नाही, तेवढेच शेतकरी उरतात.

प्रश्नकर्ता
त्यातून ज्यांचा माल कधीच आला नाही, तेच शेतकरी मिळतात. काटोलचे नाव तेथेही नाही.

उत्तर २
तुमचे निदान त्या दोन नोंदींतच आहे. एकाच 'फिल्टर'मधील अटी संबंधित टेबलाच्या एकाच ओळीला लागू होतात. 'एक्सक्लूड'मध्ये मात्र तशी हमी नाही, आणि जँगोच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणून एका ओळीतून २०२४ आणि दुसरीतून आंबिया उचलला गेला व शेतकरी वगळले गेले. उपक्वेरीत (आतल्या क्वेरीत) एक तरी ओळ आहे का ते पाहणारे 'एक्झिस्ट्स' वापरा : आवकेच्या उपक्वेरीत बाहेरच्या क्वेरीतील मूल्य आणणाऱ्या 'आउटररेफ'ने शेतकऱ्याची प्रायमरी की (त्याच्या नोंदीची ओळख) जुळवा, वर्ष आणि बहार या अटी तेथेच द्या आणि 'एक्झिस्ट्स'पुढे नकाराचे टिल्ड चिन्ह लावा. आवृत्ती ३.० पासून हे थेट 'फिल्टर'मध्ये लिहिता येते. त्याआधी आधी 'ॲनोटेट' करून (प्रत्येक ओळीला ते उत्तर जोडून) मग गाळावे लागे. 'नॉट इन'चा (उपक्वेरीच्या यादीत नसलेले शोधण्याचा) मार्ग मी टाळतो, कारण उपक्वेरीत एक जरी नल आला, तरी एसक्यूएल एकही ओळ देत नाही, आणि अशी रिकामी यादी पाहून सगळ्यांचा माल आला असाच समज होतो.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. काटोलचे नाव यादीत आले. काही जुन्या आवकांमध्ये शेतकऱ्याचा रकाना खरोखरच नल आहे, त्या पावत्या आता हाताने तपासायला घेतल्या आहेत.