अनुभव धागा: जुना अ‍ॅम्प्लिफायर घरी दुरुस्त करताना

सातारा-सांगली भागात अजून कितीतरी घरांत, भजनी मंडळांच्या खोल्यांत, लाऊडस्पीकरवाल्यांच्या गोदामांत १९७०-८० च्या दशकांतले अ‍ॅम्प्लिफायर पडून आहेत. यांतले बरेच दुरुस्त होण्यासारखे असतात, कारण आतला प्रत्येक भाग डोळ्याला दिसतो आणि मीटरने मोजता येतो. पण जुने रेडिओ मेकॅनिक आता गावोगावी राहिले नाहीत. म्हणून ज्यांनी घरी हे काम केलंय त्यांनी इथे लिहावं. 'ट्रान्झिस्टर बदलला, चालू झाला' एवढंच नको. बिघाड काय दिसला आणि त्याच्या मुळापर्यंत कसे पोचलात, ते हवं.

सुरुवात मी करतो. दोन चॅनेलचा सेट, लावला की फ्यूज जायचा. असा सेट सरळ प्लगला लावायचाच नाही. सिरीज बोर्ड घ्यायचा, त्यात १०० वॉटचा साधा दिवा, म्हणजे सेटचा सगळा करंट दिव्यातूनच जातो. सेट ठीक असेल तर दिवा क्षणभर लागून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर दिवा भडक पेटून राहतो, पण आत काही जळत नाही. माझा भडक राहिला. सप्लाय काढला, मोठे कंडेन्सर १०० ओहमच्या जाड रेझिस्टन्समधून रिकामे केले (स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगीने टर्मिनल खराब होतं) आणि डाव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर (२एन३०५५) मोजले. कलेक्टर-एमिटरमधला रोध दोन्ही बाजूंनी शून्य, म्हणजे दोन्ही शॉर्ट. त्या काळात पीएनपी (एनपीएनच्या उलट दिशेने चालणारे) पॉवर ट्रान्झिस्टर महाग पडायचे, म्हणून बऱ्याच सेटमध्ये वर-खाली दोन्हीकडे हेच एनपीएन दिसतात.

नवे घालून मोकळं व्हावंसं वाटतं, पण मग ते का गेले? इथे उजवं चॅनेल कामाला आलं. ते शाबूत होतं, म्हणजे नकाशाच हातात. दोन्ही बाजूंचा एकेक रेझिस्टन्स, एकेक डायोड मोजून लिहीत गेलो. फरक सापडला तो हीटसिंकला चिकटवलेल्या बायस डायोडपाशी (बायस म्हणजे आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहता ठेवलेला थोडा करंट, तो हा डायोड आवरतो). त्याच्या तारेचा सोल्डरचा डाग सुटला होता. तो डायोड ओपन झाला की दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एकदम पूर्ण वाहायला लागतात. डाग पक्का केला, एमिटरचा ०.३३ ओहमचा रेझिस्टन्स जळाला होता तो बदलला, अभ्रकाची चकती आणि थर्मल पेस्ट नवी घातली आणि मगच ट्रान्झिस्टर बसवले. अभ्रक घालायचं राहिलं तर कलेक्टर थेट हीटसिंकला लागतो, कारण या ट्रान्झिस्टरचं पत्र्याचं आवरण हाच त्याचा कलेक्टर. त्या ०.३३ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर. सेट अर्धा तास तापू दिला आणि मग बायस लावला.

कराड
दादा, १०० वॉटचा जुना दिवा आमच्याकडं मिळत नाही. एलईडी चालेल का?

धागाकर्ता
नाही चालणार. यात काम तारेच्या दिव्याचं आहे. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आवरला जातो. ६० वॉटचे दोन समांतर जोडा, किंवा हॅलोजन वापरा.

मिरज
आमच्या घरी तंबोरे जुळवायचं काम चालतं, त्यामुळे घुंऽऽ आवाज कानाला लगेच खटकतो. आपली वीज ५० हर्ट्झची. रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणारे डायोड) गेल्यावर तिची लहर १०० ची होते. पांढरी पाचला (पेटीची पाचवी पांढरी पट्टी) लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ९८ हर्ट्झच्या आसपास. तार छेडली आणि अ‍ॅम्पच्या घुमण्याशी ती सेकंदाला दोनेक वेळा हेलकावायला लागली, तेव्हा लक्षात आलं की घुमणं १०० चं आहे. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी ते तसंच राहिलं. याचा अर्थ इनपुटच्या शिल्डच्या तारेचा दोष नाही, सप्लायचे फिल्टर कंडेन्सर वाळलेत. मीटर एसीवर ठेवून कंडेन्सरवर मोजलं, लहर भरपूर. व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त आणि क्षमता जवळपास तेवढीच असे नवे घातले. क्षमता फार वाढवली तर चालू करताना रेक्टिफायरवर ताण येतो. आता तंबोऱ्याची ध्वनिफीत लावली की जवारी स्वच्छ ऐकू येते. एवढ्यासाठी खटपट करावी असं मला वाटतं.

गावभाग, सांगली
ऑगस्ट २०१९ च्या पुरात वडिलांचा अ‍ॅम्प पाण्यात होता. पाणी उतरल्यावर भाऊ म्हणाला, भंगारात घाल. मी घातला नाही. कृष्णेचा गाळ फार बारीक असतो. सुकला की भागांच्या खाली बसून राहतो आणि दमट हवेत ओलावा धरतो. सप्लाय देण्याची घाई केली असती तर सगळं जळलं असतं. आधी स्वच्छ पाण्याने आणि ब्रशने सर्किट धुतलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पट्ट्यांवर हिरवा गंज होता, तो खरवडून तिथे तार टाकली. स्पीकरचे कागदी कोन गेलेच होते. व्हॉल्यूमचे पॉटही (बटणामागचे फिरते रेझिस्टन्स) बदलले, आतला कार्बन धुऊन गेला होता.

सगळ्यात जपायचं होतं ट्रान्सफॉर्मरला. तो गुंडाळून देणारा माणूस आता सहज सापडत नाही. पत्र्याच्या डब्यात दिव्याच्या मंद उबेवर ठेवून दिला आणि अधूनमधून मेगरने (इन्सुलेशन तपासायचा मीटर) प्रायमरी-कोअर मोजत राहिलो. ५०० व्होल्टच्या मेगरवर सुरुवातीला एक मेगओहमही दिसत नव्हता. आकडा शंभराच्या पुढे जाऊन तिथे टिकल्यावरच सिरीज बोर्डवर लावला. स्पीकर जोडण्याआधी आउटपुटला डीसी मोजला. ५० मिलिव्होल्टच्या आत होता. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडूच नका, कॉइल जळते. पहिल्यांदा जोडलेला स्पीकरही भंगारातलाच होता.

महाबळेश्वर
पावसाळ्यात एक चॅनेल बारीक आवाजाला गायब व्हायचं आणि आवाज वाढवला की परत यायचं. ट्रान्झिस्टरवर शंका घेऊ नका. स्पीकर रिलेचे किंवा सिलेक्टरचे पॉइंट काळे पडलेले असतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, बटणं भरपूर फिरवली, झालं.

तासगाव
आमचा अ‍ॅम्प भजनाचा, कर्ण्यांचा. मागं ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट लाइन (एकाच तारेवर बरेच कर्णे लावायची) अशी टर्मिनलं. कुणीतरी आठ ओहमचा कर्णा सरळ १०० व्होल्टला जोडला आणि अ‍ॅम्प तापून गप्प झाला. हिशोब साधा हाय: ६० वॉटच्या अ‍ॅम्पला त्या टर्मिनलवर १६७ ओहमचा लोड लागतो आणि जोडलेत आठ, म्हणजे वीसपट ओझं. त्या लाइनवर प्रत्येक कर्ण्याला मॅचिंग ट्रान्सफॉर्मर पायजेच. १५ वॉटचे चार झाले की ६० भरले, पाचवा लावायचा नाही. आउटपुट ट्रान्झिस्टर बदलल्यावर टर्मिनलांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवल्या, कारण वाजवणारा माणूस दर सप्ताहाला नवा असतोय.

वाई
माझा व्हॉल्व्हचा, दोन ईएल८४. एका व्हॉल्व्हची प्लेट लालभडक व्हायची. व्हॉल्व्ह आपसात बदलून बघितले, तरी लाली त्याच जागेवर. म्हणजे व्हॉल्व्ह चांगले, दोष सर्किटमध्ये. यात ३०० व्होल्ट डीसी असतो, म्हणून मीटरची काळी क्लिप आधीच चॅसिसला लावली, एक हात खिशात ठेवला आणि ग्रिड (व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी) मोजली. तिथे शून्य हवं, काही व्होल्ट अधिक दिसले. आधीच्या व्हॉल्व्हकडून येणारा कपलिंग कंडेन्सर (आवाज पुढे सोडून डीसी अडवणारा) कागदी होता आणि गळत होता. दोन्ही बाजूंना ०.१ मायक्रोफॅरडचे, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घातले. व्हॉल्व्हचा सेट स्पीकर जोडल्याशिवाय चालवायचा नसतो, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणून स्पीकर जोडूनच लावला. ग्रिडला शून्य आलं, लाली गेली. ईएल८४ आजही नवे बनतात, पण माझे जुनेच अजून चालू आहेत.