ऑपरेशन खुकरी: आपले जवान पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला कसे काय?

रानवारा: आपली फौज तिकडे लढली म्हणतात, पण हुकूम कोणाचा, पगार कोण देतं? कोणी नीट सांगेल का?

भटक्या: यूएनची स्वतःची आर्मी नसते, देश जवान पाठवतात. पगार आपलंच सरकार देतं, यूएन माणशी ठरलेली रक्कम सरकारला देतं. हुकूम यूएनच्या फोर्स कमांडरचा, म्हणजे तिथल्या यूएन फौजेच्या प्रमुखाचा, आणि तेव्हा तेही आपलेच होते, मेजर जनरल विजय जेटली.

जुनाफौजी: अरे मे २००० मध्ये आरयूएफ या तिथल्या बंडखोर संघटनेच्या लोकांनी कैलाहुन गावी आपल्या दोनशेहून जास्त जवानांना वेढा घातला, शस्त्रं टाका म्हणत होते, पण आपल्या पोरांनी दोन महिन्यांच्या वर तळ सोडला नाही की बंदूक दिली नाही, मग १५ जुलैला ऑपरेशन खुकरीत भर पावसाळ्यात पहाटे ब्रिटिशांच्या चिनूक हेलिकॉप्टरमधून कमांडो उतरले आणि वेढ्यातले गुरखे लढत लढत यूएनच्या डारू तळाकडे निघाले. एक जवान शहीद झाला. शाळेत हे शिकवायलाच हवं, मनापासून वाटतं.

मीरा_के: कांगोतल्या यूएन मोहिमेचंही वाचा. कॅप्टन गुरबचन सिंग सलारिया, ५ डिसेंबर १९६१, एलिझाबेथव्हिल. मूठभर गुरखे घेऊन कटांगाच्या फुटीरांच्या कितीतरी मोठ्या तुकडीवर तुटून पडले, मानेला गोळी लागली तरी थांबले नाहीत. मरणोत्तर परमवीर चक्र.